अब्बांची मान

मानेचं ऑपरेशन म्हटलं की आपल्या घरांत पहिला शब्द निघतो तो 'लकवा'. अब्बांचा एमआरआय झाला त्या रात्री आमच्याकडे फोनवर फोन आले. चाचा म्हणाले, मानेला सुरी लागली की माणूस उठत नाही. खालांनी एका हाडवैद्याचा पत्ता दिला, तो म्हणे एका झटक्यात मान बसवतो. अम्मी तस्बीह घेऊन बसली. आम्ही भावंडं दुसऱ्या दिवशी रिपोर्ट घेऊन पुन्हा डॉक्टरांकडे गेलो.

अब्बांनी ४० वर्षं शिलाई मशीनवर मान वाकवून काढली. मागे एकदा त्यांचा उजवा हात खांद्यापासून अंगठ्यापर्यंत ठणकत होता. औषधं आणि व्यायामानं दोन महिन्यांत बरं वाटलं. या वेळी दुखणं जवळजवळ नव्हतंच, म्हणून तर नातेवाइकांना पटेना. दुखत नाही, तर कापायचं कशाला? पण आयुष्यभर लोकांच्या कपड्यांना काज-बटण करणाऱ्या अब्बांना स्वतःच्या कुर्त्याची बटणं लागेनात. वजू करताना लोटा हातून सुटायचा. मशिदीच्या पायऱ्या उतरताना ते कठडा धरू लागले होते.

डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. मानेत सात मणके. वरच्या दोघांमध्ये गादी नसते, त्याखाली प्रत्येक दोन मणक्यांमध्ये एक गादी. बाहेर चिवट कडं, आत मऊ गर. वयाबरोबर ती सुकते, दबते, मागे सरकते. बाजूच्या नसेवर दाब आला तर हात दुखतो, मुंग्या येतात, आणि बहुतेकांचं हे दुखणं काही आठवड्यांत किंवा महिन्यांत ऑपरेशनविना निवळतं. मधल्या मज्जारज्जूवर दाब आला की गोष्ट वेगळी. तिथे वेदना कमी असू शकते, पण बोटांचं कसब आणि पायांचा तोल जाऊ लागतो. अब्बांच्या खालच्या दोन गाद्यांनी तेच केलं होतं. "गेलेलं सगळं परत येईल असं मी म्हणत नाही," डॉक्टर म्हणाले, "आणखी जाऊ नये म्हणून ऑपरेशन." हाडवैद्याचं नाव काढताच त्यांनी हात जोडले. अशा मानेला झटका दिला तर ज्या लकव्याची भीती, तोच यायचा.

ऑपरेशन गळ्याच्या पुढून होतं, हे ऐकून आम्ही चकित झालो. १९५० च्या दशकात अमेरिकेत ही पद्धत सुरू झाली. श्वासनलिका आणि अन्ननलिका हळूच बाजूला सारून मणक्यांपर्यंत जातात, खराब गादी काढतात आणि तिथे हाडाचा तुकडा किंवा छोटा पिंजरा बसवून पट्टी-स्क्रूनं मणके जोडतात. पुढून गेल्यानं मज्जारज्जूला हलवावं लागत नाही. धोके त्यांनी लपवले नाहीत. आवाज बसतो, गिळायला त्रास होतो, क्वचित नसेला इजाही होते.

अब्बांनी सगळं ऐकून एकच प्रश्न विचारला. "मणके जोडले, तर नमाजच्या शेवटी सलाम फेरता येईल का?"

आमच्या मनात पैसे, रक्त, आयसीयू; त्यांच्या मनात हे. डॉक्टर मुसलमान नव्हते, पण त्यांना प्रश्न लगेच कळला. म्हणाले, मान उजवीकडे-डावीकडे वळते त्यातलं जवळजवळ निम्मं वळणं वरच्या दोन मणक्यांमध्ये होतं, आणि तिथे आपण हात लावणार नाही. अब्बांनी तिथल्या तिथे सही केली. अट एकच होती, बिडी बंद. धुरामुळे हाड जुळायला वेळ लागतो. अम्मीला ३० वर्षांत जे जमलं नाही, ते त्या एका वाक्यानं झालं!

ऑपरेशन नीट पार पडलं, अल्हम्दुलिल्लाह. पुढचे दोन आठवडे अब्बा कुजबुजत बोलायचे आणि पातळ खिमटाशिवाय काही गिळायचे नाहीत. खरी कुरकुर खुर्चीवरच्या नमाजची होती. आजाऱ्याला इशाऱ्यानं नमाज पढण्याची सवलत आहे हे त्यांना आमच्यापेक्षा चांगलं ठाऊक, तरी पहिल्या सफेत मागे खुर्ची लावायला ते लाजायचे. मान न झुकवता कमरेतून वाकायचं, हे शिकायलाही दिवस गेले. सहा महिन्यांनी एक्स-रेमध्ये हाड जुळलेलं दिसलं, तेव्हा डॉक्टरांनी सजद्याची परवानगी दिली.

आता बटणं लागतात. तोलही बराच सुधारला आहे. डाव्या हाताची दोन बोटं मात्र अजून बधिर आहेत, आणि बारीक सुईत दोरा आमचा भाचा ओवून देतो. मशीनचं टेबल आम्ही चार इंच उंच करून घेतलं. जोडलेल्या मणक्यांच्या वर-खालच्या गाद्यांवर पुढे ताण येऊ शकतो, म्हणून दर अर्ध्या तासाला उठायचं असं ठरलंय. ते आठवण केल्याशिवाय उठत नाहीत.

चाचांच्या हाताला हल्ली मुंग्या येतात. परवा येऊन ते अब्बांची फाइल मागून घेऊन गेले.