फायनल, तीन टाके आणि माझी बातमी

परवा संध्याकाळी पाड्यावरची दोन पोरं घरी आली. चहा झाला, मग एकाने प्लास्टिकच्या पिशवीतून एक कागद काढून माझ्यापुढे ठेवला. माझ्याच बातमीची झेरॉक्स. म्हणाला, "दादा, परवानगीचा अर्ज यंदाही परत आला. ही त्याला जोडलेली होती."

बातमी २०२३ च्या पावसाळ्यातली. शीर्षक, 'फुटबॉलच्या अंतिम सामन्यात दोन गटांत तुंबळ हाणामारी'. एकूण चौदा ओळी, वर माझं नाव. आज त्या चौदा ओळींबद्दल लिहितोय. पोस्ट लांब आहे, पण वाचा.

आपल्याकडे आवणी उरकली की पोरांना जरा उसंत मिळते. माळावर बांबूचे गोलपोस्ट उभे राहतात आणि चिखलात फुटबॉल सुरू होतो. बूट निम्म्यांकडे नसतात. पहिलं बक्षीस बोकड, दुसरं कोंबडे. त्या वर्षी फायनलला शेजारशेजारचे दोन पाडे आले. दोन्ही पाड्यांत एकमेकांच्या मुली दिलेल्या, त्यामुळे मामा-भाचे समोरासमोर. चुरस म्हणाल तर विचारू नका. रेषेबाहेर गेलेल्या एका चेंडूवरून वाद झाला, ढकलाढकली झाली, एका पोराचं डोकं फुटलं. तीन टाके.

एवढं खरं. पण पुढचंही खरं आहे. त्या पोराला ज्या मोटरसायकलवर दवाखान्यात नेलं, ती चालवत होता समोरच्या टीमचा गोलकीपर. रात्री बोकड दोन्ही पाड्यांनी मिळून खाल्लं. हे मला आठ दिवसांनी कळलं, आणि मी ते कुठेच छापलं नाही. कारण मी मैदानावर नव्हतोच. व्हॉट्सअ‍ॅपवर एक व्हिडिओ आला, दोन फोन केले, बातमी पाठवली. शीर्षक डेस्कने दिलं असं मी बरेच दिवस स्वतःलाच सांगत होतो. ते मीच लिहून पाठवलं होतं.

'दोन गट' हा शब्द आम्ही पत्रकार सवयीने वापरतो. गडचिंचलेनंतर आपल्या तालुक्याच्या नावाला 'जमाव' हा शब्द बाहेरचे लोक किती सहज चिकटवतात, हे मला चांगलं ठाऊक होतं. तरीही लिहिला. त्यानंतर ती स्पर्धा झालेली नाही.

आता त्याच पावसाळ्यातली दुसरी फायनल सांगतो. ३ सप्टेंबर २०२३, रविवार. कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर ड्युरँड कपची फायनल, मोहन बागान विरुद्ध ईस्ट बंगाल. १८८८ साली सुरू झालेला हा कप आशियातला सगळ्यात जुना. आमच्या घरासमोर बांधकामावर दोन बंगाली कारागीर राहत होते. एक हिरव्या-मरून रंगाचा, एक लाल-पिवळ्या. एकाच खोलीत राहायचे, एकाच पातेल्यात जेवायचे. मॅच त्यांच्या मोबाईलवर बघितली.

बागानचा अनिरुद्ध थापा लाल कार्ड मिळून बाहेर गेला, तेव्हा लाल-पिवळ्याने पत्र्यावर बुक्क्या मारल्या. थोड्याच वेळात दहा जणांच्या बागानकडून पेत्रातोसने गोल मारला. एक-शून्य. बागानचा हा सतरावा ड्युरँड कप, ईस्ट बंगालपेक्षा एक जास्त. हिरवा-मरूनवाला नाचायला लागला, दुसरा चप्पल घेऊन त्याच्या मागे धावला. तासाभराने बघतो तर दोघं भात लावत होते. त्यांच्याकडे ईस्ट बंगाल जिंकलं की हिलसा आणि बागान जिंकलं की कोळंबी, अशी रीत. त्या दिवशी आपल्या बाजारातून आणलेली कोळंबी हरलेल्यानेच सोलली.

हे वैर साधं नाही. ईस्ट बंगाल क्लब १९२० चा, फाळणीनंतर पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांना तो आपला वाटला. १९९७ च्या फेडरेशन कपात या दोघांची सेमीफायनल बघायला सव्वा लाखाच्या वर माणसं जमली होती. आणि १६ ऑगस्ट १९८० ला ईडन गार्डनवर याच दोघांच्या लीग सामन्यात दंगल आणि चेंगराचेंगरी होऊन १६ प्रेक्षक मेले. तीन टाके नाहीत, १६ जीव. तरी कोलकात्याने ही मॅच कायमची बंद केली नाही. त्या दिवशी आता फुटबॉलप्रेमी रक्तदान करतात.

पुढे १८ ऑगस्ट २०२४. आर. जी. कर रुग्णालयातल्या डॉक्टर मुलीवर अत्याचार करून तिचा खून झाला होता, शहर पेटलेलं होतं. बंदोबस्ताला पोलीस कमी पडतील म्हणून ड्युरँडमधली या दोघांची मॅच रद्द केली. त्या संध्याकाळी दोन्ही क्लबांचे पाठीराखे स्टेडियमबाहेर एकत्र आले आणि त्या मुलीसाठी न्याय मागितला. मोहम्मडन स्पोर्टिंगचेही होते. लाठ्या खाल्ल्या त्या शेजारी-शेजारी उभं राहून. मैदानावर वर्षानुवर्षं भांडलेली माणसं एकमेकांना ओळखतात, याचाच हा पुरावा.

एवढ्या लांब कशाला, आपल्या कोल्हापूरला बघा. पेठापेठांची टीम, पाटाकडील विरुद्ध शिवाजी तरुण मंडळ म्हटलं की शाहू स्टेडियम भरतं. तिथेही राडे झालेत, सामने थांबलेत. पण पुन्हा सुरूही झालेत.

तेव्हा चुरस असणारच. तिला लागते व्यवस्था. प्रेक्षकांना मैदानापासून लांब ठेवणारी दोरी, दोन्ही पाड्यांपैकी कुठलाच नसलेला पंच, एक प्रथमोपचाराची पेटी, दोन होमगार्ड. यातलं काहीच २०२३ ला नव्हतं. पोरांकडे होता एक बॉल आणि एक बोकड. हे लिहायला हवं होतं. मी 'तुंबळ' लिहिलं.

ज्यांनी अर्ज परत केला त्यांच्यावर मी चिडत नाही. त्यांच्यासमोर कागद होता, तो मी दिला होता.

म्हणून आज जाहीर सांगतो. ती बातमी अर्धी होती. हाणामारी तुंबळ नव्हती, दोन मिनिटांची होती. गट नव्हते, सोयरे होते. जखमी पोराला समोरच्या टीमनेच दवाखान्यात नेलं. हेच पेपरातही छापून यावं म्हणून पत्र दिलं आहे, आणि त्याची प्रत सोमवारी पोरांसोबत जाऊन नव्या अर्जाला जोडणार आहे. परवानगी मिळेलच असं नाही.

मिळाली तर डहाणू-तलासरीतल्या कुणाला पंच म्हणून उभं राहता येईल? दोरी, चुना, पेटी कोण देईल? कमेंटमध्ये लिहा. बोकडाचं मी बघतो. आणि या वेळी मॅच संपेपर्यंत मी स्वतः माळावर असेन.