दूरचे जवळ

फोटो काढणे हा माझा छंद. गेल्या वर्षी मी सुमारे ३०० ग्रॅम वजनाचा, ४० पट झूमचा छोटा डिजिटल कॅमेरा घेतला. घरासमोरच्या उंच नारळावर घारीचे घरटे होते. एके दिवशी मांज्यात अडकून घार मेली. अम्मी म्हणाल्या, "बेटा, पिल्लू जिवंत आहे का, बघ!"

संध्याकाळ झाली होती. चित्र अंधूक आले. झूम पूर्ण वाढवला की भिंगातून प्रकाश कमी येतो आणि हाताचा जरासा कंपही मोठा दिसतो. सकाळी उन्हात मी कॅमेरा गच्चीच्या कठड्यावर टेकवला. दुसरी घार पिल्लाला भरवत होती! अम्मींनी अल्लाहचे आभार मानले.

मुलांनो, वस्तू पारखताना तिचे गुण पाहा, तशा मर्यादाही ओळखा.