आईच्या नावाभोवतीचा कंस

विद्यालयाच्या स्मरणिकेसाठी आईविषयी लिहावे असे ठरले, तेव्हा आम्ही चौघे भावंडे, दोन भाऊ आणि दोन बहिणी, एकत्र बसलो. आमच्यापैकी एकाने इतिहासात एम. ए. करून शिक्षकी पत्करली आहे, म्हणून लेखणी त्याच्या हाती दिली. येथे 'आम्ही' म्हणून जे लिहिले आहे, ते मात्र चौघांचे आहे.

आई गेल्या वर्षावासात गेली. तिच्या जन्माची नोंद कोठेच नव्हती. आधारकार्ड काढताना अंदाजाने 1938 हे साल सांगितले आणि तारीख 1 जानेवारी पडली. कार्ड हातात आल्यावर आई हसून म्हणाली, "बरं झालं. जयस्तंभाचाच दिस मिळाला." 1 जानेवारी 1818 ची लढाई आणि 1 जानेवारी 1927 रोजी बाबासाहेबांनी जयस्तंभाला दिलेली भेट, या दोन्ही गोष्टी तिने भाषणांतून ऐकल्या होत्या. कोरेगाव भीमा शिरूर तालुक्यात आणि आईचे माहेरही त्याच तालुक्यात, घोड नदीपासून कोसभर. त्यामुळे जयस्तंभ तिला माहेरचाच वाटे.

माहेरची जमीन महार वतनाची, सव्वादोन एकर जिराईत. आमचे आजोबा गावकामाला बांधलेले. सांगावे पोहोचवायचे, सरकारी साऱ्याबरोबर तालुक्याला चालत जायचे, मेलेले जनावर ओढायचे. मोबदला म्हणून दारोदार भाकरी मागायची. ती पाटी डोक्यावर घेऊन लहानपणी आई आजीमागे फिरली होती. बाबासाहेबांनी वतनाला गुलामगिरी का म्हटले, हे आम्ही पुस्तकांतून शिकलो. आईला ते पुस्तकाविना ठाऊक होते.

वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचे विधेयक बाबासाहेबांनी 1928 साली मुंबईच्या कायदेमंडळात मांडले. वतने प्रत्यक्षात खालसा झाली ती 1958 च्या कायद्याने. जमीन आपल्या नावावर पुन्हा मिळवायची तर सरकारात कब्जेहक्काची रक्कम भरावी लागे. आजोबांनी एक बैल विकला, तरी रक्कम पुरी होईना. तेव्हा नुकत्याच संसाराला लागलेल्या आईने पायांतले चांदीचे वाळे काढून दिले. त्या साली बैलाची जोडी मोडलेली असल्याने पेरणी वारंगुळ्याने झाली. आई महिनाभर माहेरी राहिली आणि चाड्यावर मूठ तिनेच धरली.

सासर दौंड तालुक्यात, भीमेच्या अंगाला. वडील दौंड जंक्शनवर रेल्वेत गँगमन होते. पगार बेताचा आणि घरी येणे आठवड्यातून एकदा. तीन एकरांचे शेत खऱ्या अर्थाने आईनेच केले. पहाटे जात्यावर दळण, मग भाकरी, मग बांधाच्या झाडाला झोळी बांधून तीत मूल निजवायचे आणि खुरपायला बसायचे. ज्वारी उपटून उपटून तिच्या तळहातांना पडलेले घट्टे शेवटपर्यंत गेले नाहीत. मळणी झाली की वारा पाहून ती खळ्यावर उफणायला उभी राही. कोणत्या दिशेने, किती वेळ वारा टिकेल, हे ती आभाळ पाहून सांगे आणि ते सहसा चुकत नसे.

1972 च्या दुष्काळात विहीर आटली, बैल विकले. आई पाझर तलावाच्या कामावर खडी फोडू लागली. मिळालेली सुकडी पदरात बांधून ती आमच्यासाठी घरी आणी. मोठी बहीण तेव्हा शाळेत होती. "पोरीला कामावर घाल, हजेरी वाढंल," असे बायका सांगत. आई म्हणे, "हजेरी तिची शाळेत लागू द्या."

धम्माचा स्वीकार आमच्या घराने 14 ऑक्टोबर 1956 च्या नागपूरच्या दीक्षेनंतर, तालुक्यातील सभेत केला. देव्हाऱ्यातले टाक आईने स्वतः भीमेत सोडले. सासूबाई रडल्या तेव्हा ती म्हणाली, "आत्याबाई, पाटीतली भाकर ह्यांनी कधी सोडवली का?" तेव्हापासून पौर्णिमेला पांढरे लुगडे आणि वर्षावासात विहारातील ग्रंथवाचन, हा तिचा नेम. वाचता येत नसे, पण 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथातील कोणता प्रसंग कोठे येतो, हे ती वाचणाऱ्याला सांगे.

आता जे सांगायचे आहे ते सोपे नाही. आजोबा 1996 साली वारले. वारसनोंदीत मामांबरोबर आईचेही नाव सातबाऱ्यावर चढले. वर्षभरात मामा घरी आले. "आक्का, तुला काय कमी आहे? एक सही दे. माहेर तुझंच आहे," असे म्हणाले. आई काहीच बोलली नाही. तिने आमच्याकडे पाहिले. आमच्यातले गुरुजी त्या वेळी शाळेत हिंदू कोड बिल शिकवीत होते. 1951 साली बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला, त्यामागे हे बिल रखडल्याचे मोठे कारण होते, हे फळ्यावर लिहून देत होते. 1956 च्या वारसा कायद्याने मुलगी पित्याच्या मिळकतीत वारस आहे आणि तो कायदा बौद्धांनाही लागू आहे, हे त्यांना पाठ होते. तरीही आम्ही दोघे भाऊ एका सुरात म्हणालो, "देऊन टाक आई. नाते तुटायला नको."

आम्हीच तिला दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नेले. हक्कसोडपत्रावर तिने अंगठा उठवला. मामांनी साडी-चोळी घेतली आणि एस.टी.त बसवून दिले. न्हावऱ्यावरून चौफुल्याकडे येताना भीमेचा पूल लागला, तेव्हा ती एवढेच म्हणाली, "आता इकडं यायचं ते पाव्हणी म्हणून." पुढे फेरफार मंजूर झाला आणि सातबाऱ्यावर तिच्या नावाला कंस पडला. ज्या जमिनीसाठी तिने वाळे दिले, तिच्या कागदावर ती राहिली ती कंसात.

काही वर्षांनी, एका वर्षावासात, विहारात पंचशीलावर प्रवचन झाले. दुसरे शील न दिलेले न घेण्याचे. घरी परतताना आईने विचारले, "आरं मास्तर, मागितल्यावर देलं, पण न्हाई म्हणायची सोयच नव्हती. तर ते देलेलं धरायचं का न देलेलं?" मास्तरांना उत्तर देता आले नाही. आजवरही आलेले नाही. जयस्तंभावर कोरलेली नावे आम्ही सहलीत विद्यार्थ्यांना दरवर्षी मोठ्याने वाचून दाखवली होती. घरातले एक नाव कागदावरून पुसण्यास मात्र आम्ही स्वतः हात लावला होता.

आईने मामांशी वैर धरले नाही. भाऊबिजेला भाऊ येत राहिला, ती त्याला जेवू घालत राहिली. पण 2009 साली वडील गेले, पुण्यानुमोदन झाले, त्याच रात्री तिने आम्हा भावांना समोर बसवले. "तुमच्या बहिणींकडून कागद घ्यायचा न्हाई. त्या देते म्हणाल्या तरी घ्यायचा न्हाई." वारसाच्या अर्जावर अंगठा उठवायला तिने नकार दिला. या विद्यालयात शिकणारी तिची नात सुटीत घरी आली होती. तिच्याकडून आई महिनाभर पाटीवर आपले नाव गिरवत बसली. अर्ज महिनाभर लांबला. शेवटी तिने सही केली, वाकडी, ओळीखाली उतरलेली, पण स्वतःची. आज आमच्या सातबाऱ्यावर दोन्ही बहिणींची नावे आहेत, कंसाविना.

दरवर्षी सुगी झाली की आई या विद्यालयाच्या भोजनगृहासाठी ज्वारीचे एक पोते धाडी. पोत्यावर नाव कोणाचे घालायचे, असे एकदा विचारले. ती म्हणाली, "नाव कशाला? पोरं जेवली म्हंजे झालं." दानावर तिला नाव नको होते. हक्कावर मात्र हवे होते. हा फरक आम्हाला पदव्या घेऊनही उशिरा कळला.

माजी विद्यार्थी बंधू-भगिनींना, पालकांना एकच विनंती. आपल्या घरी असा कागद आला, तर सहीपूर्वी आईला, बहिणीला एकटीला बसवून विचारा आणि तिला 'नाही' म्हणता येईल, अशी मोकळीक आधी द्या. त्यानंतर ती जे देईल, ते दिलेले.

आईच्या स्मृतीस विनम्र अभिवादन.

जय भीम! नमो बुद्धाय!