वेलदोड्याची ओल

आंबोलीत राहून पाण्याची काळजी करते म्हटलं, तर खाली सावंतवाडीत कोणाला खरं वाटत नाही. वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणारं हे गाव. जून ते सप्टेंबर इथे कपडे वाळत नाहीत, पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर बुरशी चढते, काडेपेटी डब्यात घालून ठेवावी लागते. पण हा बहुतेक सगळा पाऊस चार महिन्यांत पडून जातो. जांभ्याची जमीन तो धरून ठेवत नाही. काही घाटाखाली उतरतो, काही हिरण्यकेशी नदीतून पूर्वेला जातो, आणि फेब्रुवारीच्या अखेरीस परसातली उघडी माती उकरली तर हाताला भुकटी लागते. माझ्या परसात वेलदोडा आहे, आणि त्याला ओल बाराही महिने लागते.

वेलदोडा आपल्या आल्या-हळदीचा भाऊबंद. सह्याद्रीच्या दक्षिण भागातल्या सदाहरित रानात, मोठ्या झाडांच्या बुंध्याशी कुजणाऱ्या पानांच्या थरात तो वाढत आला. आंबोलीची उंची सातशे मीटरच्या जवळपास, म्हणजे त्याला मानवणाऱ्या उंचीच्या अगदी खालच्या पायरीवर. दांडे पुरुषभर, कधी दीड पुरुष उंच जातात, पण मुळं बहुतेक वरच्या वीत-दीड वीत मातीत पसरलेली. खोल जाऊन पाणी शोधायची सोयच त्याच्याकडे नाही. फणस किंवा जांभूळ उन्हाळ्यात तग धरतात ते खालच्या ओलीवर. वेलदोडा जगतो तो वरच्या पातेऱ्यावर.

माझी रोपं शिरसीजवळच्या नातेवाइकांच्या सुपारीच्या बागेतली. तिकडे दरीतल्या पोफळींच्या सावलीत वेलदोडा आणि मिरी जोडीने वाढतात. बागेला जोडून पाल्यासाठी राखलेलं रान असतं, त्याला ते सोप्पिन बेट्टा म्हणतात. त्या रानातला ओला-सुका पाला दरवर्षी आणून झाडांच्या बुडाशी पसरायचा, हे तिथलं ठरलेलं काम. मी पहिल्यांदा ती बाग पाहिली तेव्हा पाण्याचे पाट बघत होते. काकांनी मला पाट सोडून पाला दाखवला. वरची पानं कोरडी, खालची काळी आणि एकमेकांना चिकटलेली, त्यांत पांढरे बुरशीचे तंतू. इतकं असलं की पाणी आहे, असं ते म्हणाले. आजही मी तेच बघते. पातेरा दोन बोटांनी उचलायचा. खालची पानं सुटी सुटी निघाली तर त्या दिवशी झारी काढायची.

(रोप घेताना एक बघावं. वेलची म्हणून रोपवाटिकांत पुष्कळदा वेगळंच झाड विकतात. त्याच्या पानांना वेलचीसारखा वास येतो, ते जोमाने वाढतं, पण त्याला वेलदोडे कधी धरत नाहीत. खऱ्या वेलदोड्याचा फुलोरा दांड्याच्या शेंड्याला येत नाही. तो जमिनीलगत, गड्ड्यापासून निघतो.)

हा जमिनीलगतचा फुलोरा समजला की पाण्याचं सगळं वेळापत्रक समजतं. डिसेंबर-जानेवारीत दांड्यांच्या बेटाच्या बुडाशी बोटभर कोंब दिसू लागतात. त्यांतले काही नवे दांडे होतात, काही फुलोऱ्याच्या फांद्या. या फांद्या फेब्रुवारी, मार्च, एप्रिल अशा लांबत जातात, मे महिन्यापासून फुलतात, आणि फुलापासून तयार फळापर्यंत साधारण चार महिने लागतात. म्हणजे सप्टेंबरात हातात येणारा वेलदोडा मार्चमधल्या ओलीवर ठरलेला असतो. मार्चमध्ये बुंधा कोरडा पडला तर झाड मरत नाही. ते हिरवं दिसतं, पाहुण्यांना छान वाटतं, पण फुलोऱ्याचे कोवळे शेंडे तपकिरी होऊन गळतात. जूनमध्ये कितीही पाऊस कोसळला तरी ते परत येत नाहीत.

म्हणून माझा सगळा जीव उन्हाळ्यात अडकलेला असतो. होळीनंतर दुपारचा वारा कोरडा होतो. पानं लांबीच्या बाजूने किंचित गुंडाळू लागतात, टोकं करपतात. तेव्हा मी दिवसाआड, ऊन उतरल्यावर, बारीक भोकांच्या झारीने पाणी देते. शेजारच्या काकींनी मला पहिल्याच वर्षी सांगितलं होतं, "झाडाक पाणी घालू नको गो, जमनीक घाल." बुंध्यात धार सोडली की पाणी एका जागी मुरून खाली निघून जातं आणि पसरलेली मुळं तहानलेली राहतात. झारी बेटाभोवती हातभर अंतरापर्यंत फिरवायची, पातेरा भिजेल इतकी, पण चिखल होणार नाही अशी. ठिबकही मला इथे पटत नाही. ते थेंबाच्या जागेपुरतं ओलं करतं, आणि या झाडाला भोवतालची हवासुद्धा दमट लागते. मोठ्या मळ्यांत तुषार सिंचन करतात ते त्यासाठीही. पाइप वापरलाच, तर उन्हात तापलेलं आतलं पाणी आधी शेवग्याला सोडते. तांदूळ धुतलेलं, भाजी धुतलेलं पाणीही मे महिन्यात परसाकडेच जातं, कारण तेव्हा आमच्या पाण्याची झर बारीक झालेली असते आणि पिण्याच्या पाण्यावर डोळा ठेवून झाडांना द्यायचं मला बरोबर वाटत नाही.

सावलीचाही पाण्याशी थेट संबंध आहे. जुन्या कुंपणाला पांगारा आहे. त्याची लाल फुलं मला फार आवडतात, पण तो नेमका उन्हाळ्याच्या तोंडावर उघडाबोडका होतो. त्याच्याखालच्या बेटाला फणसाखालच्या बेटापेक्षा जवळजवळ दुप्पट पाणी लागतं. वेलदोडा लावायचा तर उन्हाळ्यात पानं न टाकणाऱ्या झाडाखालीच लावावा, हे मी आता विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगते.

वळवाचे दोन-तीन शिडकावे झाले की झारी खुंटीला. मग काम उलटं होतं. मृगाच्या आधी बुंध्यातला जास्तीचा पातेरा बाजूला ओढते, वरच्या अंगाला चर खणते, फणसाच्या एक-दोन फांद्या उतरवते, म्हणजे थोडा उजेड आणि वारा आत येतो. जुलैत पाणी बुडाशी साचलं तर जमिनीवर लोळणारे फुलोरे आणि कोवळी फळं कुजतात. हा रोग मळेवाल्यांना चांगला माहीत आहे आणि एकदा लागला की दोन आठवड्यांत बेटाची दशा करतो. इरलं घेऊन, जळवा झटकत, फुलोरे हाताने उचलून दगडांवर ठेवणं हे माझं आषाढातलं काम. त्यातही फुलं दिसतात तेव्हा थांबते. पांढरं फूल, मधल्या पाकळीवर जांभळट रेषा. ते पहाटे उमलतं आणि एका दिवसाचं असतं. त्या दिवशी मधमाशी आली तर फळ, नाहीतर नाही. आंबोलीच्या जुलैत मधमाशी फारशी बाहेर पडत नाही, त्यामुळे माझं पीक बेताचंच असतं. घरच्या चहाला, नारळाच्या वड्यांना आणि दिवाळीला पुरतं.

पाऊस ओसरला की ऑक्टोबरात बाजूला काढलेला पातेरा पुन्हा बुंध्याशी येतो, त्यावर थोडं शेणखत. थंडीत धुकं आणि दव पुष्कळ काम करतात. आठवड्या-पंधरवड्याने एक फेरी पुरते.

जगात सर्वांत जास्त वेलदोडा आज ग्वाटेमालात होतो. तिथल्या आल्ता वेरापास भागात, कोबान शहराच्या आसपास, वर्षातला पुष्कळ काळ एक झिमझिम पाऊस पडत राहतो. लोक त्याला चिपी-चिपी म्हणतात. सह्याद्रीतलं हे झाड विसाव्या शतकात तिथे गेलं आणि रमलं, याचं मला नवल वाटत नाही. उलट केरळात, त्याच्या स्वतःच्या डोंगरांत, 2024 च्या कोरड्या उन्हाळ्यात इडुक्कीतले मळे मोठ्या प्रमाणावर वाळले. पावसाळा तिथेही कमी नसतो. पावसाळ्याआधीचे कोरडे महिनेच बदलत चालले आहेत, आणि वर्षाच्या सरासरीत ते दिसत नाहीत. वार्षिक पावसाचे आकडे ऐकले की आता मला नेहमी मार्चबद्दल विचारावंसं वाटतं.

पुण्यातल्या भाचीने गॅलरीसाठी रोप मागितलं तेव्हा मी वेलदोडा दिला नाही. तिथल्या एप्रिलच्या हवेत, कुंडीत, दिवसभर कामावर असलेल्या मुलीने तो सांभाळावा ही अपेक्षा तिच्यावर आणि झाडावर दोघांवर अन्याय आहे. तिला पेवा दिला. तोही रानातल्या सावलीचा, पावसात जिन्यासारखा वळत वर चढणारा, श्रावण-भाद्रपदात पांढरा फुलणारा. पण तो उन्हाळा मातीखाली झोपून काढतो. पानं वाळली की पाणी बंद कर, कुंडी भिंतीच्या कडेला सरकव, गड्डा हलवू नकोस, आणि पहिला वळीव झाला की एक तांब्या घाल, एवढंच तिला लिहून दिलं आहे.