सुऱ्याची मूठ

मनुष्य बाजारांत जाऊन एखादी वस्तु विकत घेतो, तेव्हां त्यांत वस्तु किती आणि वस्तूचें नांव किती, याचा हिशेब तो सहसा करीत नाहीं. पैठणीच्या किंमतींत नांवाचा वांटा असतो, फाउंटन पेनाच्या किंमतींत असतो, आणि हत्याराच्या किंमतींत तर तो सर्वांहून मोठा असतो. कारण हत्याराबरोबर एखादी शौर्यकथाहि पदरांत पडते. अशा नांवावर विकल्या जाणाऱ्या हत्यारांत अमेरिकेंतील बोवीच्या सुऱ्याचा क्रम बराच वर लागेल. गेलीं पुष्कळ वर्षें आमचें वास्तव्य टेक्सस संस्थानांत, सॅन अँटोनियो शहराच्या उत्तरेकडील डोंगराळ भागांत आहे. तिकडे या सुऱ्याला ‘बूई’ म्हणतात, आणि आमच्या ओळखीच्या कांहीं घरीं तो भिंतीवर टांगण्याची वस्तु नसून कोंकणांतील कोयत्याप्रमाणें रोजच्या कामाची वस्तु आहे. सुरा कसा निवडावा व निवडल्यावर तो आपल्या हाताजोगा कसा करून घ्यावा, हें आम्ही तेथें शिकलों. त्या शिकण्याची ही हकीकत आहे.

प्रथम नांवाविषयीं. ता. १९ सप्टेंबर १८२७ रोजीं मिसिसिपी नदींत, नॅचेझ गांवासमोरील वाळूच्या पट्ट्यावर दोन गृहस्थांचें द्वंद्वयुद्ध ठरलें होतें. दोघांच्याहि गोळ्या हुकल्या, दोघांनीं हस्तांदोलन केलें, आणि प्रकरण तेथेंच मिटावयाचें; परंतु त्यांच्याबरोबर आलेल्या मंडळींचीं जुनीं वैरें मिटलेलीं नव्हतीं. त्या झटापटींत अंगावर गोळ्या आणि गुप्तीचे वार घेऊनहि जेम्स बोवी यानें आपल्या मोठ्या सुऱ्यानें नॉरिस राइट या प्रतिस्पर्ध्यास ठार केलें. वर्तमानपत्रांनीं ती हकीकत देशभर नेली. पुढें ता. ६ मार्च १८३६ रोजीं सॅन अँटोनियोच्या अलामोमध्यें, दुखण्यानें अंथरुणाला खिळलेला असतां तो मारला गेला, आणि त्याच्या सुऱ्याचें नांव अजरामर झालें. इंग्लंडांतील शेफील्डच्या कारखानदारांनीं अमेरिकेच्या बाजारांत बोवी सुऱ्यांची रीघ लावली. लोकांना या हत्याराचा जितका मोह, तितकीच सरकारांना धास्ती. अलाबामानें १८३७ सालीं विकल्या जाणाऱ्या प्रत्येक बोवी सुऱ्यावर शंभर डॉलर कर बसविला. आणि ज्या भूमींत बोवी वीर ठरला, त्या टेक्ससनेंच १८७१ सालीं तो जवळ बाळगून हिंडण्यास बंदी केली. ‘बोवी सुरा’ हे शब्द तेथील निषिद्ध हत्यारांच्या यादींतून गेले ते २०१७ सालीं!

परंतु एवढें रामायण ज्या सुऱ्यामुळें घडलें तो सुरा होता तरी कसा? जेम्सचा थोरला भाऊ रेझिन बोवी यानें १८३८ सालीं एका वर्तमानपत्रास पत्र लिहून त्याचा खुलासा केला. तो सुरा आपण शिकारीच्या कामाकरितां तयार करविला होता, असें तो सांगतो. लांबी सव्वानऊ इंच, रुंदी दीड इंच, धार एकाच बाजूस, आणि पातें सरळ. बस, इतकेंच! आज बाजारांत ज्याला बोवी म्हणतात, त्याचें तें आंत कोरलेलें ऐटदार टोक, ती पितळेची लांबलचक आडपट्टी, ती नक्षी, हा सगळा मागाहून चढलेला साज आहे. मूळचा सुरा एका माणसानें आपलें काम ओळखून, त्या कामापुरता करवून घेतलेला होता. नांव मोठें झालें आणि काम मागें राहिलें, हा क्रम केवळ सुऱ्यांच्याच बाबतींत आढळतो असें नाहीं.

आमचें काम सीडर तोडण्याचें. सीडर हें तिकडील लोकांनीं दिलेलें नांव. वास्तविक तें जूनिपरच्या जातीचें झाड आहे. तें माजलें म्हणजे गवत मरतें, वाट बुजते, आणि थंडीच्या दिवसांत त्याच्या परागांनीं सबंध गांव शिंकूं लागतो. मोठीं खोडें करवतीनें कापावीं लागतात, पण मनगटाएवढ्या फांद्यांना मोठा सुरा बरा पडतो. अशा कामाकरितां सुरा घ्यावयाचा म्हणून आम्ही दुकानांत गेलों असतां बरोबर आमचे शेजारी होते. हे वृद्ध गृहस्थ जन्मभर वेल्डिंगचा धंदा करून निवृत्त झालेले होते. दुकानदारानें मखमलीवर दहा-बारा सुरे मांडले. आमचे डोळे अर्थातच सर्वांत तेजस्वी पात्याकडे गेले. शेजाऱ्यांनीं आम्हांस डोळे मिटावयास सांगितलें आणि एकेक सुरा हातांत देऊन विचारलें, “धार कोणत्या बाजूला आहे?”

हीच पहिली परीक्षा. मूठ गोल दांडक्यासारखी असली तर मिटल्या डोळ्यांनीं धार कोणीकडे हें हाताला कळत नाहीं; आणि जें हाताला कळत नाहीं, तें घामेजल्या हातांत फिरतें. मूठ अंड्याच्या आकाराची, धारेकडे किंचित् निमुळती असेल, तर बोटांना पात्याची दिशा न पाहतां समजते. दुसरी परीक्षा तोलाची. आडपट्टीच्या पुढें पात्याखालीं एक बोट धरून सुरा आडवा तोलावा. आडपट्टीपासून इंचभर पुढें तोल साधला, तर सुरा फांदीवर स्वतःच्या वजनानें पडेल आणि तरीहि मनगटाच्या आज्ञेंत राहील. तोल त्याहून फार पुढें गेला तर तो कोयत्यासारखा होतो. घाव जोराचा बसतो, परंतु चुकलेला घाव आवरत नाहीं. तोल मुठींतच राहिला तर सुरा चपळ होतो, पण लांकूड त्याला दाद देत नाहीं. तिसरी परीक्षा जाडीची. मुठीजवळ पाव इंच जाड असलेलें पातें टोंकाकडे हळूहळू पातळ होत गेलेलें असावें. पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखीच जाडी ठेवलेला सुरा कारखान्याला करण्यास सोपा आणि दिसण्यास भक्कम. पण तो हातांत धरला कीं पहार धरल्यासारखें वाटतें. या तीन परीक्षांत मखमलीवरचे बहुतेक वीर गारद झाले. आम्हीं घेतलेला सुरा त्यांतल्या त्यांत कुरूप होता.

अमेरिकेंत १९७६ साली स्थापन झालेली पातीं घडविणाऱ्या लोहारांची एक संस्था आहे. तिच्या परीक्षेचा क्रमहि आम्हांस मोठा उद्बोधक वाटतो. उमेदवारानें स्वतः घडविलेल्या सुऱ्यानें मोकळा लोंबता, इंचभर जाडीचा दोर एका घावांत तोडावयाचा. मग इमारती लांकडाची दोन इंची-चार इंची पट्टी दोनदां तोडावयाची. त्यानंतर त्याच धारेनें दंडावरचे केस उतरवून दाखवावयाचे. आणि शेवटीं पातें शेगड्यांत धरून काटकोनांत वांकवावयाचें, तरी तें तुटतां कामा नये. हें सर्व पार पडल्यावर मग त्याच्या सुऱ्यांचें रूप व सफाई परीक्षकांपुढें येते. काम आधीं, कौतुक मागून, हा क्रम आमच्या विश्वविद्यालयांनींहि पाहून ठेवण्यासारखा आहे.

असो. सुरा निवडला म्हणजे काम संपलें, असें मात्र नाहीं. शेजाऱ्यांचें म्हणणें असें कीं, दुकानांतला सुरा हा शिंप्याकडून आलेल्या तयार सदऱ्यासारखा. तो कोणाच्याहि मापाचा नसतो. त्यांनीं सांगितलेली रीत साधी होती. नव्या सुऱ्यानें आठवडाभर काम करावें, आणि हात जेथें लाल होईल त्या जागीं मुठीवर खडूनें खूण करावी. मग फक्त तेवढ्याच जागीं कानस चालवावी, पुन्हां काम करावें, पुन्हां खूण करावी. काढलेलें लांकूड परत लावतां येत नाहीं, म्हणून एका दिवसांत कधींहि हात पुरता सुखी करूं नये. शेवटीं काचकागदाची पट्टी, बूट पुसतांना फडकें ओढतात तशी मुठीभोवतीं ओढली म्हणजे कानशीचे ओरखडे जातात. आडपट्टीचे कोपरे बोटाच्या कांड्याला लागत असतील तर ते गोल करावे. वरच्या बाजूची पट्टी अंगठ्याला अडत असेल तर ती निम्मी कापून टाकावी. पात्याची पाठ जेथें अंगठा टेंकतो तेथें तिच्या कडा मोडाव्या.

पात्यालाच हात घालावयाचा झाल्यास मात्र सावधगिरी पाहिजे. कारखान्याची धार बहुधा जाड खांद्यांची असते. ते खांदे साणेवर उतरविले म्हणजे सुरा लांकडांत खोल जातो. परंतु पोलाद तापलें कीं त्याचें पाणी उतरतें. सुमारें दोनशें अंश सेंटिग्रेडला त्यावर गवती पिवळी छटा येते, तोंवर ठीक. तीनशेंच्या आसपास निळी छटा आली म्हणजे ती धार मऊ पडली असें समजावें. म्हणून शेजारी साणेवर पातें नेहमीं उघड्या हातानें धरीत, आणि बोटांना चटका बसण्यापूर्वीं पाण्यांत बुडवीत. हातमोजे घातलेल्या माणसाला पोलादाचें दुःख कळत नाहीं, असें ते म्हणत.

कोणत्याहि सुऱ्यावर कानस चालवावी, असा मात्र याचा अर्थ नव्हे. एकोणिसाव्या शतकांतील शेफील्डचा सुरा कोणाच्या हातीं लागला तर त्यानें त्याची धूळसुद्धां जपून पुसावी. त्या सुऱ्याचें काम संपलें आहे, आतां साक्ष देणें एवढेंच त्याला उरलें आहे. ज्याचें काम चालू आहे त्याची गोष्ट वेगळी. पण एखादा सुरा काम करण्याजोगा असून साक्षीदारहि असेल तर काय करावें?

हा प्रश्न आमच्यापुढें आला तो शेजारी वारले तेव्हां. त्यांनीं स्वतः मोटारीच्या जुन्या कमानीच्या पोलादापासून एक सुरा केला होता. पातें साडेनऊ इंच. मूठ तिकडे ज्याला बोडार्क म्हणतात त्या लांकडाची. हें लांकूड तासतांना हळदीसारखें पिवळें असतें आणि उजेडानें पिकून तपकिरी होतें. तीस वर्षांच्या कामानें त्या मुठीवर त्यांच्या अंगठ्याची एक खळगी पडली होती. त्यांच्या पत्नीनें तो सुरा फडक्यांत गुंडाळून आमच्याकडे आणून दिला. आम्हीं तो हातांत घेतला, आणि त्याच क्षणीं ध्यानांत आलें कीं ही मूठ आमची नव्हे. त्यांचा पंजा मोठा होता. आमचा हात लहान, त्यांत करंगळी एका जुन्या दुखण्यानें पुरती मिटत नाहीं. पावसाळी दिवशीं ओल्या हातानें फांदीवर घाव घातला तर मूठ फिरे आणि पातें आडवें पडे. मोठ्या सुऱ्याचें पातें आडवें पडलें म्हणजे तें पुढें कोठें जाईल याचा नेम नसतो, आणि तोडणाराचा गुडघा फारसा दूर नसतो.

दोन हिंवाळे तो सुरा कपाटांत राहिला. एका मित्रानें तो कांचेच्या पेटींत ठेवण्याची सूचना केली. ती सूचना प्रेमाची होती, पण ज्या माणसानें आपल्या हयातींत एकहि वस्तु बिनकामाची घरांत ठेवली नाहीं, त्याचें स्मारक म्हणून एक बिनकामाची वस्तु मांडावी, हें आमच्या मनाला पटेना. उलट कानस हातांत घेतली कीं वाटे, आपण लांकूड कापीत नसून त्यांचा हात कापीत आहों. स्मृति जपावयाची म्हणजे त्यांच्या बोटांचा ठसा जपावयाचा, कीं त्यांनीं शिकविलेली रीत जपावयाची? दोन्ही एकदम जपतां येत असतें तर प्रश्नच नव्हता.

तिसऱ्या हिंवाळ्यांत सीडर कुंपणापर्यंत आलें. आम्हीं सुरा बाहेर काढला, आठवडाभर काम केलें, खडूनें खुणा केल्या, आणि फक्त तेवढ्याच जागीं कानस चालविली. बाजूंचा फुगवटा उतरला, करंगळीखालचा भाग निमुळता झाला. आंतून पुन्हां तो हळदीसारखा पिवळा रंग निघाला. अंगठ्याच्या खळगीवर खूण एकदांहि उठली नाहीं; तेथें आमचा हात दुखत नव्हता, म्हणून ती जशीच्या तशी राहिली.

वसंतांत शेजारीणबाई आमच्याकडे आल्या असतां सुरा ओसरीवर पडला होता. त्यांनीं तो उचलला, पिवळ्या पडलेल्या जागेवरून बोट फिरविलें, आणि बराच वेळ कांहीं बोलल्या नाहींत. मग त्यांनीं एवढेंच विचारलें, “आतां हातांत फिरत नाहीं ना?” फिरत नाहीं, असें आम्हीं सांगितलें. त्यांनीं मान हालविली, आणि आपल्या कुंपणाकडील झाडहि फार वाढलें आहे, तें केव्हां तोडणार, असें विचारून त्या घरांत आमच्या पत्नीकडे गेल्या.

तें झाड दुसऱ्या दिवशीं तोडलें. मुठीचा पिवळा भाग आतां हळूहळू तपकिरी होऊं लागला आहे. जुनें लांकूड कोणतें आणि उघडें पडलेलें कोणतें, हें आणखी कांहीं वर्षांनीं कोणास सांगतां येणार नाहीं. आमच्या मुलाचा हात आमच्याहून बराच मोठा आहे. पुढें हा सुरा त्याच्याकडे जाईल तेव्हां त्याला ही मूठ बारीक वाटेल, आणि मग त्यानें ती खुशाल काढून नवी बसवावी. मात्र आधीं आठवडाभर काम करून पाहावें, असें आम्हीं त्याला सांगून ठेवलें आहे.