गुपित कुणाचे?

समाजसेवा म्हटली की आपल्या मोहल्ल्यात डोळ्यांपुढे येतात शिलाई मशीन, रमजानमधले रेशनचे किट आणि जूनमधले वह्यावाटप. या कामांत कायद्याचा प्रश्न क्वचितच उठतो. तो उठतो, जेव्हा समोरचा माणूस दार लोटून घेतो आणि म्हणतो, "कुणाला सांगू नका."

डॉक्टर-वकिलांसारखी समाजकार्यकर्त्यांची वैधानिक परिषद आपल्या देशात नाही. गावात तर हे काम अंगणवाडी सेविका, आशाताई, मौलाना आणि आमच्यासारखे शिक्षकच करतात. बी.एड.ला आम्हाला पाठ-टाचण शिकवले. ऐकलेल्या गोष्टीचे काय करायचे, ते शिकवले नाही. दीनने मात्र एक शब्द लहानपणीच दिला होता, अमानत. सांगितलेली गोष्टही अमानतच. पण ती कुणाची, याचे उत्तर दर वेळी सोपे नसते.

जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. फसवल्या गेलेल्या विधवांनी गुपचूप यावे, बाळंत व्हावे, नाव बाहेर जाणार नाही, अशी तिथे हमी होती. गुपिताने तिथे आई आणि मूल दोघे वाचत होते. फुल्यांनी दत्तक घेतलेला यशवंत अशाच एका विधवेचा. तिथे गुपित दुबळ्याच्या बाजूने उभे होते.

आमच्या वर्गातल्या गुपिताची गोष्ट वेगळी. पुणतांब्यात आणि आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवर उन्हाळा हा लग्नांचा हंगाम. दोनेक वर्षांपूर्वी परीक्षेच्या आधी नववीतली एक मुलगी मधल्या सुट्टीत थांबली. मंगनी झाली होती, सुट्टीत निकाह होता. म्हणाली, "टीचर, किसी कू बोलना नक्को."

आम्ही कबूल झालो नाही. तिला तिथेच सांगितले की यावर गप्प बसता येणार नाही, पण तुला न सांगता कुणाकडे जाणारही नाही. आधी कुणाकडे जायचे, ते तू सांग. ती बराच वेळ बेंचवर नखाने रेघा ओढत राहिली. मग म्हणाली, "खाला के पास."

मूल बोलायला लागायच्या आधीच आपली मर्यादा सांगावी. पोटातले काढून घेऊन मग "आता मला कळवावेच लागेल" म्हणणे ही दगाबाजी होय.

कायदा इथे काय म्हणतो? २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याने मुलीचे वय अठरा, मुलाचे एकवीस. आपल्या राज्यात गावपातळीवर ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी. माहिती असलेला कोणीही माणूस न्यायदंडाधिकाऱ्यांकडून विवाहाला मनाई आणू शकतो, आणि मनाईनंतर लावलेला विवाह रद्दबातल ठरतो. लावून देणाराही गुन्हेगार, म्हणजे काझीसाहेबही आले. शिक्षा दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी, दंड एक लाखापर्यंत. त्यापुढे पॉक्सो. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळूनही न कळवणे हा २०१२ पासून गुन्हा आहे. पत्नी अठराच्या आतली असेल तर पतीचा संबंधही बलात्कारच, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१७ मध्ये स्पष्ट केले.

"पण शरियतमध्ये तर..." असे खालाच्या घरी मुलीचे अब्बा म्हणालेच. यावर उच्च न्यायालयांचे निकाल एकसारखे नाहीत, हे खरे. केरळ उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये हा कायदा धर्म न पाहता सर्वांना लागू असल्याचे म्हटले. आम्ही निकालांवर वाद घातला नाही. सूरह निसाच्या सहाव्या आयतीची आठवण दिली. यतीमांचा माल हवाली करताना निकाहच्या वयाबरोबर समज आली की नाही, तेही पारखायला तिथे सांगितले आहे. मालासाठी एवढी पारख, तर घर आणि बाळंतपण अंगावर टाकताना किती?

त्यांनी वाद सोडला आणि खरे ते बोलले. "टीचर, दहावीपर्यंत तुम्ही सांभाळाल. पुढे कोपरगाव नाहीतर श्रीरामपूर. रोज एसटीने तरुण मुलगी पाठवायची, काही झाले तर जमात कुणाला बोलेल?" आमच्याकडे याचे उत्तर नव्हते, आजही पुरते नाही. या बापाला नुसता गुन्हेगार म्हणून सोडून देणारे समाजकार्य आम्हाला अपुरे वाटते. ग्रामसेवकांनी समज दिली, हमीपत्र लिहून घेतले. निकाह थांबला. मुलीच्या अम्मीने वर्षभर आमच्या सलामला जवाब दिला नाही.

कायद्याच्या धाकाची एक उलटी बाजूही आहे. सोळा-सतरा वर्षांची गरोदर मुलगी सरकारी दवाखान्यात आली की पोलिसांना कळवावे लागते. म्हणून घरचे तिला दवाखान्यातच नेत नाहीत. तिला वाचवायला केलेला नियम तिलाच दाईच्या हवाली करतो. कळवण्याचे बंधन काढावे असे आमचे म्हणणे नाही. पण कळवणाऱ्याने त्या दिवशी मुलीसोबत बसावे, हे कोणत्या परिपत्रकात लिहायचे?

सज्ञान बाईची गोष्ट आणखी निराळी. २०१९ च्या तीन तलाकच्या कायद्यात खबर ती स्वतः किंवा तिचे रक्ताचे वा लग्नाने झालेले नातेवाईकच देऊ शकतात. शेजारी, संस्था, शिक्षक नाही. या कायद्याबद्दल आपल्यात कितीही मतभेद असोत, तिच्यावतीने परक्याने ठरवू नये ही त्यातली गोष्ट आम्हाला पटते. तिचे गुपित तिचे. मुलाचे गुपित बहुधा त्याचे नसतेच. मोठ्यांनी ते त्याच्या तोंडावर बांधलेले असते.

आणि सगळे अडते शेवटी जन्मतारखेवर. पूर्वी गुरुजी अंदाजाने १ जून टाकत, त्यामुळे जुन्या जनरल रजिस्टरात अर्ध्या गावाचा वाढदिवस एकाच दिवशी. (शेतकऱ्यांचा संपही आमच्या गावातून १ जूनलाच, २०१७ मध्ये सुरू झाला.) आता जन्मनोंद असते, तरी मार्च-एप्रिलमध्ये एखादा पालक ऑफिसात येतो, चहा मागवतो आणि तारीख दोन वर्षे मागे करता येईल का विचारतो. इकडे मौलानांनी निकाहआधी शाळेचा दाखला बघायला सुरुवात केली आहे. गेल्या महिन्यात एका दाखल्यावरचे साल खोडल्यासारखे वाटले, म्हणून त्यांचा फोन आला. आम्ही रजिस्टर काढले आणि तारीख आकड्यांत नाही, अक्षरांत वाचून दाखवली.