कर्ता आणि कर्ती

तुमच्या घरात माणसं चार आणि पॅन कार्डं पाच आहेत का? मग ते पाचवं कार्ड बहुतेक ‘हिंदू अविभक्त कुटुंबा’चं, म्हणजे एचयूएफचं असणार. व्यापारी घरांत ही जुनी आणि पूर्ण कायदेशीर सोय आहे. 1922 च्या आयकर कायद्यातही असं कुटुंब वेगळा करदाता होतं. एकत्र कुटुंबाच्या मालकीच्या दुकानाचं भाडं किंवा नफा कुटुंबाच्या नावावर दाखवला, तर नव्या करपद्धतीत त्यातले पहिले 4 लाख करमुक्त. तेच 4 लाख 24 लाखांवर कमावणाऱ्या मालकाच्या स्वतःच्या उत्पन्नात धरले, तर सेस सोडून 1 लाख 20 हजार रुपये भरावे लागतात. (स्वतःची कमाई त्यात ढकलता येत नाही बरं का. ती परत तुमच्याच माथी येते.)

चंदीगडच्या सेक्टर 32 मध्ये माझा डब्यांचा व्यवसाय आहे. सरकारी हॉस्पिटलातल्या पेशंटचे नातेवाईक आणि कॉलेजची मुलं ही माझी गिऱ्हाइकं. शेजारच्या सरदारजींचं औषधांचं दुकान एचयूएफच्या नावावर आहे, कारण हिंदूंबरोबर शीख, जैन, बौद्धांनाही ही सोय मिळते. पलीकडच्या स्टेशनरीवाल्या केरळी ताई ख्रिश्चन. त्यांचंही दुकान सासऱ्यांनी उभं केलेलं, पण त्यांना हे पाचवं कार्ड नाही. मुसलमान, पारशी दुकानदारालाही नाही. एकाच रांगेतली दुकानं, जीएसटी सारखा, आणि आयकराला मात्र धर्म बघायचा!

पगडी बांधणाऱ्या शिखाला हेल्मेटमधून सूट मिळते, ती मला समजते. तिथे श्रद्धेचा प्रश्न आहे. भाड्याच्या पावतीत कसली आली श्रद्धा? केरळने तर 1976 मध्ये हिंदूंचंही एकत्र कुटुंब कायद्याने संपवलं. विधी आयोगानेही 2018 मध्ये एचयूएफ रद्द करावं असं सुचवलं होतं.

गोव्यातला नियम मला जास्त पटतो. पोर्तुगीज नागरी कायद्यानुसार नवरा-बायकोची मालमत्ता सामायिक असेल, तर पगार सोडून दुकानाचं, भाड्याचं, व्याजाचं उत्पन्न दोघांच्या नावे निम्मं-निम्मं धरतात. जोडपं देवळात जातं की चर्चमध्ये, हे तिथे कुणी विचारत नाही. आणि निम्मा वाटा बायकोचा, हे आयकर खातंच मान्य करतं.

एचयूएफमध्ये तसं नाही. सासऱ्यांनी नागपूरचं घर मृत्युपत्रात कुटुंबाच्या नावे ठेवलं, तेव्हा आमच्या सीएंनी मला नीट समजावलं. “भाभीजी, कर्ता तुमचे मिस्टर. तुम्ही सदस्य.” सदस्य म्हणजे पोटापाण्याचा हक्क आहे, वाटणी झाली तर हिस्साही मिळतो, पण वाटणी मागायचा अधिकार सुनेला नाही. दिवसभर गल्ल्यावर बसणाऱ्या सरदारणीलाही नाही. आपण मराठीत घर सांभाळणारीला ‘कर्ती बाई’ म्हणतो, ते बोलण्यापुरतंच.

मुलीचं वेगळं आहे. 2005 च्या दुरुस्तीने ती मुलाइतकीच जन्मापासून वाटेकरी झाली. थोरली असेल तर तीही कर्ता होऊ शकते, असं 2015 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितलं. आमची मुलगी थोरली आहे. कागदपत्रांत तिचं नाव भावाच्या वर लिहून घेतलं. डब्यांचा धंदा मात्र मी माझ्याच पॅनवर ठेवलाय, कर थोडा जास्त पडला तरी.